ऑक्सिजन तुटलेल्या कोवळ्या मेंदूवर झटक्यांचं औषध कसं तपासायचं

हा लेख प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. एमएस्सी संपवून जेआरएफ म्हणून रुजू झालेले, किंवा एमडी फार्माकॉलॉजी करता करता थीसिससाठी न्यूरोफिजिओलॉजीच्या खोलीत येऊन पडलेले. मेंदूच्या जिवंत स्लाइसवर, म्हणजे पातळ कापांवर, काम चालतं हे ऐकून माहीत आहे, पण रिगसमोर, म्हणजे विद्युत्-नोंदीच्या मांडणीसमोर, अजून बसलेले नाहीत, असं गृहीत धरून लिहितो आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी. पूर्ण दिवसांच्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत येणाऱ्या झटक्यांचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त कमी पडणं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) त्यावर पहिलं औषध कोणतं द्यायचं? आजही फिनोबार्बिटोन. त्याचा झटक्यांवरचा गुण आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ साली नोंदवला होता. १९९९ साली ५९ बाळांवर झालेल्या चाचणीत फिनोबार्बिटोनने ४३ टक्के बाळांचे झटके आटोक्यात आले, फेनिटॉइनने ४५ टक्के. २०२० साली लेव्हेटिरॅसिटॅमशी तुलना झाली. तेव्हा २४ तास झटक्यांविना राहिलेली बाळं फिनोबार्बिटोनच्या गटात ८० टक्के होती, लेव्हेटिरॅसिटॅमच्या गटात २८ टक्के. दोन्ही चाचण्यांचे निकष वेगळे होते, म्हणून ४३ आणि ८० हे आकडे शेजारी ठेवून त्यांतून काही काढू नका. पण मोठ्या माणसांत उत्तम चालणारं नवं औषध नवजात बाळात जुन्या औषधापुढे इतकं मागे पडावं, यातच आपल्या कामाचं कारण आहे. कोवळा मेंदू म्हणजे मोठ्या मेंदूची छोटी आवृत्ती नव्हे.

मोठ्या मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं. ते जमतं कारण पेशीच्या आत क्लोराइड कमी असतं. कोवळ्या पेशीत क्लोराइड आत ओढणारा एनकेसीसी१ हा वाहक जोरात असतो आणि बाहेर टाकणारा केसीसी२ अजून पुरता आलेला नसतो. त्यामुळे गाबाची दारं उघडली की क्लोराइड बाहेर पडू शकतं आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतवली जाते. फिनोबार्बिटोन, डायझेपाम, मिडाझोलाम ही सगळी औषधं गाबाच्याच जोरावर चालतात. आता त्यात ऑक्सिजनचा तुटवडा आणि लांबलेले झटके आले, तर पेशीत क्लोराइड आणखी साठतं. म्हणजे औषधाला ज्या वेळी काम करायचं असतं, नेमकी तीच वेळ त्याच्या विरुद्ध असते.

पहिली पायरी: औषध केव्हा पोचणार ते ठरवा

नवखे संशोधक सहसा औषधांच्या यादीपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, यादी नंतर करा. आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर तीन खुणा करा: ऑक्सिजन कधी तोडला, झटके कधी सुरू झाले, औषध कधी पोचलं.

औषध आधी घालून मग ऑक्सिजन तोडला, तर बरीच औषधं गुणी ठरतात. आलेख सुंदर येतो, पोस्टरवर शोभतो. पण एनआयसीयूत असं कधी घडत नाही. तिथे बाळ गुदमरून झालेलं असतं, काही तास गेलेले असतात, झटके ईईजीवर दिसू लागलेले असतात आणि मग शिरेतून औषध जातं. वरातीमागून घोडं म्हणून आपण हसतो, पण इथे घोडं येतं ते वरातीमागूनच. तुमचा प्रयोगही त्याच क्रमाने मांडा. आधी घातलेल्या औषधाचा प्रयोग जरूर करा, यंत्रणा समजून घ्यायला तो उपयोगी आहे. पण त्याला ‘प्रतिबंध’ म्हणा, ‘उपचार’ म्हणू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवरचे निर्णय या एका रेघेवरून होतात.

दुसरी पायरी: परवानग्या

भारतात प्राण्यांवरचं कुठलंही काम संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही, आणि संस्थेची नोंदणी केंद्राच्या सीसीएसईएकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) असावी लागते. अर्ज ‘फॉर्म बी’वर होतो. त्यात पिल्लांची संख्या लिहिताना आया विसरू नका. दूध पिणारं पिल्लू आईसकट येतं. फिनोबार्बिटोन आणि डायझेपाम अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातल्या मनावर परिणाम करणाऱ्या (सायकोट्रॉपिक) पदार्थांच्या यादीत येतात. म्हणून खरेदी, कुलूपबंद साठा आणि वापराची नोंदवही यांची चौकशी मंजुरीच्या अर्जासोबतच सुरू करा, नंतर नको.

तिसरी पायरी: पिल्लाचं वय

रॅटच्या पिल्लाचा मेंदू सातव्या दिवशी साधारण ३२ ते ३६ आठवड्यांच्या मानवी गर्भाच्या मेंदूइतका आणि दहाव्या ते बाराव्या दिवशी पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूइतका परिपक्व मानतात. ही तुलना ढोबळ आहे. मेंदूचे सगळे भाग एका वेगाने वाढत नाहीत.

पण वयाची खिडकी खरी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दहाव्या दिवसाच्या आसपास रॅटच्या पिल्लांना कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवलं तर झटके येतात आणि पुढेही मेंदू झटक्यांना सोपा राहतो. प्रौढ रॅटमध्ये तसं होत नाही. म्हणून ‘पी७ ते पी१४’ (जन्मानंतरचा सातवा ते चौदावा दिवस) असा ऐसपैस गट करू नका. त्या एका आठवड्यात केसीसी२ झपाट्याने वाढत असतं, आणि आठव्या व तेराव्या दिवसाची सरासरी काढलीत तर हातात येणारं उत्तर कुठल्याच वयाचं नसेल. दोन दिवसांपेक्षा मोठी खिडकी नको. जन्माचा दिवस शून्य धरायचा की एक, हे प्राणीगृहातल्या मंडळींशी बोलून एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नर-मादी दोन्ही घ्या आणि प्रत्येक पिल्लापुढे नोंद करा.

चौथी पायरी: द्रावणं

एसीएसएफ, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची नक्कल. रोजच्या वापरातली एक रचना अशी, सगळे आकडे मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १२४, पोटॅशियम क्लोराइड ३, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट २६, मॅग्नेशियम सल्फेट १.३, कॅल्शियम क्लोराइड २, ग्लुकोज १०. त्यातून कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, सतत बुडबुडत ठेवायचं. पीएच ७.३ ते ७.४ आणि ऑस्मोलॅरिटी ३०० च्या आसपास.

कॅल्शियम सर्वांत शेवटी घाला, तेही गॅस दहा-पंधरा मिनिटं चालवून झाल्यावर. आधी घातलंत तर द्रावण दुधाळ होतं. दुधाळ झालेलं फेकून द्या. गाळून वापरण्यात अर्थ नाही, कारण कॅल्शियम गाळात गेलेलं असतं आणि कॅल्शियम कमी झालं की पेशी आपोआपच चेतवतात. मग ते झटके ऑक्सिजनचे की कॅल्शियमचे, हे कुणाला सांगणार?

कापण्यासाठी वेगळं द्रावण करा. त्यात सोडियम क्लोराइडच्या जागी सुक्रोज, कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम जास्त. ते अर्धवट गोठून बर्फाचा चुरा आणि पाणी असं झालं पाहिजे.

पाचवी पायरी: स्लाइस काढणं

हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही. शेजारी उभं राहून बघा, मग करा. पण तीन-चार गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. अगदी लहान पिल्लं ऑक्सिजनची कमतरता आणि कार्बन डायऑक्साइड मोठ्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ सोसतात, म्हणून त्यांच्यासाठी त्या गॅसची पेटी ही दयाळू पद्धत ठरत नाही. समितीने मंजूर केलेली पद्धतच वापरा. भूल दिली असेल तर ती गाबावर काम करते हे लक्षात ठेवा, स्लाइसमधून ती धुऊन जायला वेळ द्या.

दहा दिवसांच्या मेंदूत मायलिन जेमतेम असतं. तो मऊ आणि पाणीदार असतो, पात्यापुढे दबून सरकतो. मागे अगारचा छोटा ठोकळा आधाराला लावा, व्हायब्रेटोमचा (कंपणाऱ्या पात्याच्या कापणी-यंत्राचा) पुढे जाण्याचा वेग कमी आणि कंपनाचा पल्ला जास्त ठेवा. जाडी ४०० मायक्रॉन. डोकं वेगळं केल्यापासून मेंदू थंड द्रावणात पडेपर्यंत एका मिनिटापेक्षा जास्त जाऊ नये. नंतर किमान एक तास स्लाइस कार्बोजेनमध्ये निवांत पडू द्या. घाई झाली की दुपारचा सगळा डेटा सकाळच्या जखमेचा होतो.

सहावी पायरी: रिग

सहसा हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागात काचेचं पीपेट ठेवून पेशींच्या बाहेरचा विद्युत्-दाब नोंदवतात. पीपेटमध्ये एसीएसएफ, रोध २ ते ५ मेगाओहम. स्लाइस पूर्ण बुडालेली हवी की द्रव आणि ओलसर गॅस यांच्या सीमेवर तरंगती, यावर जुने लोक तासभर वाद घालतील. झटक्यांसारख्या जाळ्याच्या हालचाली तरंगत्या स्लाइसमध्ये सोप्या उठतात. बुडालेल्या कक्षात द्रव मिनिटाला ४–५ मिली तरी वाहता ठेवावा लागतो. उलट, गॅस आणि औषध दोन्ही पटकन बदलायचं असेल तर बुडालेला कक्ष बरा. जे हाताशी आहे त्यावर शिका.

तापमानाबाबत मात्र तडजोड नको. कक्षात ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, आणि ते स्लाइसच्या शेजारी मोजलेलं, हीटरच्या डब्यावर लिहिलेलं नव्हे. गुदमरलेल्या बाळांना ३३.५ अंशांवर ७२ तास थंड ठेवणं हाच अनेक देशांतला मान्य उपचार आहे. म्हणजे एसी मध्येच जोरात सुरू झाला आणि कक्ष दोन-तीन अंशांनी उतरला, तर तुम्ही नकळत स्लाइसवर उपचार करत असता. (त्याच थंडाव्याची चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झाली. मुंबईही त्यात होती. २०२१ च्या त्या निकालात थंड केलेल्या गटात मृत्यू ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के निघाले. दुसरीकडे चाललेला उपचार इथे तसाच चालेल असं धरून चालू नये, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आपल्याकडच्या बाळांसाठी औषधांचा शोध जास्तच निकडीचा का, तेही यातून कळतं.)

५० हर्ट्झची घूं घूं सगळ्यांनाच छळते. अर्थिंग एकाच बिंदूला आणा, पंपाची मोटर रिगभोवतीच्या फॅराडे पिंजऱ्याबाहेर ठेवा. पावसाळ्यात हेडस्टेजवर (ॲम्प्लिफायरच्या पीपेटजवळच्या भागावर) दमट हवा बसून आवाज वाढतो. खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर तो तुमचा मित्र.

सातवी पायरी: ऑक्सिजन तोडणं

सगळ्या प्रयोगात फसायला सर्वांत जास्त जागा इथे आहे.

कार्बोजेनच्या जागी ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला सिलिंडर लागतो. तयार मिळेलच असं नाही, मिश्रण करून मागवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून काही जण निव्वळ नायट्रोजनवर भागवतात. तसं करू नका. कार्बन डायऑक्साइड गेला की बायकार्बोनेटच्या द्रावणाचा पीएच चढत जातो, आणि क्षारता वाढली की मेंदूच्या पेशी स्वतःहून पेटतात. हे केवळ तांत्रिक कुरकुरणं नाही. २०११ साली फिनलंडच्या काई काइला यांच्या गटाने सहा दिवसांच्या रॅट पिल्लांत दाखवलं की गुदमरल्यानंतर येणारे झटके मेंदू क्षारीय झाल्यामुळे येतात; पिल्लांना पुन्हा साध्या हवेत आणताना त्या हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवला तर झटके दबतात. म्हणजे तुमच्या गॅसमधले ते ५ टक्के हे स्वतःच एक औषध आहे. दोन्ही सिलिंडरांत ते सारखं असलंच पाहिजे.

मग नळ्या. सिलिकॉनच्या नळीतून ऑक्सिजन आरपार जातो. बाटलीत नायट्रोजन छान बुडबुडतोय, पण स्लाइसपर्यंत पोचता पोचता द्रवाने वाटेत हवेतला ऑक्सिजन पिऊन घेतलेला असतो. शक्य तिथे टेफ्लॉनची, नाहीतर निदान आखूड नळी लावा. कक्षाच्या वरूनही ओलसर नायट्रोजन-मिश्रण सोडा. आणि ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड कक्षातच धरून मोजा. मोजल्याशिवाय ‘ॲनॉक्सिया’ हा शब्द लिहू नका. ऑक्सिजन कमी आहे की शून्य, एवढ्याने निकाल उलटू शकतो.

ग्लुकोजही काढायचं का? जन्माच्या वेळी रक्तपुरवठाच थांबला असेल तर दोन्ही तुटतात. ग्लुकोज काढलंत तर त्या जागी तेवढंच सुक्रोज घाला, म्हणजे ऑस्मोलॅरिटी तीच राहील. पण इथे खूण करून ठेवा: नुसता ऑक्सिजन तोडणं आणि दोन्ही तोडणं हे दोन वेगळे प्रयोग आहेत. दुसऱ्यात पेशी फार लवकर मरतात.

आता नायट्रोजन सुरू केल्यावर काय दिसेल? नवख्याला वाटतं, लगेच झटके. बहुतेक वेळा उलट घडतं: सगळं थंडावतं. ऑक्सिजन कमी पडला की पेशींतून ॲडेनोसीन बाहेर पडतं आणि ते चेतासंधींवरचा व्यवहार बंद करतं. मेंदूने स्वतःच ओढलेला तो ब्रेक आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ऑक्सिजन तोडताना कॅफीन दिलं, तेव्हा झटक्यांसारखी हालचाल उठली, कारण कॅफीन ॲडेनोसीनचे ग्राहक (रिसेप्टर) अडवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून एनआयसीयूत कॅफीनच देतात, हे आठवलं की हा निष्कर्ष नुसता स्लाइसपुरता उरत नाही.

ॲडेनोसीनचा हा ब्रेक तुमच्या औषध-चाचणीत थेट लुडबूड करतो. औषध घातलं, हालचाल कमी झाली. कोणामुळे? औषधामुळे, की ऑक्सिजन अजून परतलेला नाही म्हणून? म्हणून झटके मोजण्याची सर्वांत चांगली वेळ सहसा ऑक्सिजन परत दिल्यानंतरची असते. ॲडेनोसीन धुऊन जातं, चेतासंधी जाग्या होतात, आणि चेतवणाऱ्या बाजू आवरणाऱ्या बाजूंपेक्षा आधी सावरल्या तर स्फोट सुरू होतात. बाळाचे झटकेही बहुधा श्वास परत मिळाल्यावर काही तासांनीच दिसतात. रेघेवरची तिसरी खूण कुठे करायची ते इथे ठरतं.

आणखी एक. तुटवडा लांबला तर ट्रेस (नोंदीचा आलेख) अचानक खाली कोसळू शकतो: मोठा, संथ दाब-बदल, मागोमाग पूर्ण शांतता. ते पसरतं विध्रुवण (स्प्रेडिंग डिपोलरायझेशन). तो झटका नाही. ॲम्प्लिफायर केवळ एसी मोडवर असेल तर ते दिसणारच नाही आणि तुम्ही त्या शांततेला औषधाचा गुण म्हणून बसाल. डीसीत नोंद ठेवा. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांची स्लाइस याला चिवटपणे दाद देत नाही, जसं वय वाढतं तसं ते सोपं होतं. म्हणजे वयाची खिडकी सैल सोडण्याचा आणखी एक तोटा.

आठवी पायरी: झटके उठवणं आणि त्यांची व्याख्या

नुसत्या ऑक्सिजनच्या तुटवड्याने प्रत्येक स्लाइस पेटत नाही. दहापैकी काहीच पेटल्या तर औषध तपासणार कसं? म्हणून बरेच जण सोबत हलका धक्का देतात: मॅग्नेशियम काढून टाकणं, पोटॅशियम ८.५ मिलिमोलरपर्यंत वाढवणं, किंवा ५० ते १०० मायक्रोमोलर ४-एपी (४-अमिनोपायरिडिन, पोटॅशियमची दारं अडवणारं रसायन). प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मॅग्नेशियम काढल्याने एनएमडीए ग्राहक (पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचे) मोकळे होतात, म्हणून त्या ग्राहकांवर चालणारं औषध तिथे फाजील गुणी दिसेल. पोटॅशियम वाढवलं तर क्लोराइडचा तोलही हलतो, त्यामुळे गाबाच्या औषधांचा निकाल वाचताना सावध राहा. एकाच धक्क्यावर काढलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही. निदान दोन वापरा.

व्याख्या डेटा गोळा करण्याआधी लिहा. उदाहरणार्थ: एखाद-दोन सेकंदांत संपणारा स्फोट तो झटक्यांमधला स्फोट, दहा सेकंदांपेक्षा जास्त चाललेला, आधी दाट आणि मग विरळ होत जाणारा तो झटका. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, चालेल. मात्र ट्रेस बघून झाल्यावर व्याख्या ठरवणं चालणार नाही.

नववी पायरी: औषध

किती घालायचं हे इतरांच्या पेपरमधून उचलू नका, स्वतः गणित करा. बाळाच्या रक्तात फिनोबार्बिटोनची नेहमीची पातळी मिलीलिटरला १५ ते ४० मायक्रोग्रॅम. औषधाचा रेणुभार २३२. म्हणजे २० मायक्रोग्रॅम म्हणजे ८६ मायक्रोमोलर आणि ४० म्हणजे १७२. त्यातला काही भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि एसीएसएफमध्ये प्रथिनं नाहीत. म्हणून स्लाइसवर १०० मायक्रोमोलर हा शहाणा आकडा. ५०० वर मिळालेला गुण बाळाच्या कामाचा नाही. बाटलीवर आम्ल लिहिलंय की सोडियम क्षार ते बघा. क्षाराचा रेणुभार २५४ आहे. एक लिटरमध्ये १०० मायक्रोमोलरसाठी आम्ल २३.२ मिलिग्रॅम, क्षार २५.४. गफलत झाली तर औषध नऊ टक्क्यांच्या आसपास कमी पडतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाण्यात न विरघळणारी औषधं डीएमएसओमध्ये विरघळवतात. ते शेवटी ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि कंट्रोल स्लाइसलाही तेवढंच द्या. डायझेपाम पीव्हीसी नळीला चिकटतं, फेनिटॉइन ७.४ पीएचला विरघळायला नाखूश असतं. बाटलीत मोजून घातलं म्हणजे स्लाइसपर्यंत तेवढं पोचलं असं होत नाही. पंपाच्या वेगावरून औषध कक्षात पोचायला किती वेळ लागतो ते रंगीत पाणी सोडून एकदा मोजून ठेवा.

क्रम साधारण असा: २० ते ३० मिनिटं बेसलाइन, ऑक्सिजनचा तुटवडा, ऑक्सिजन परत, झटके ठरलेल्या संख्येने येऊन स्थिरावले की औषध ३० मिनिटं, मग ३० मिनिटं वॉशआउट. शेजारी त्याच वेळापत्रकाची, पण औषधाऐवजी नुसतं डीएमएसओ दिलेली स्लाइस. ही दुसरी स्लाइस गाळायचा मोह होतो, कारण तिच्यात ‘काही घडत नाही’. पण झटके वेळेनुसार आपोआप मंदावतात किंवा बदलतात, आणि ते किती, हे फक्त तीच सांगते.

औषधाने शांत केलं की स्लाइस मेली? प्रत्येक प्रयोगाच्या आधी आणि शेवटी सीए३ कडून सीए१ कडे जाणाऱ्या शाफर तंतूंना विजेचा एक धक्का देऊन सीए१ मधला प्रतिसाद नोंदवा. शेवटचा प्रतिसाद नाहीसा झाला असेल तर ती शांतता औषधाच्या खात्यावर जमा करायची नाही. स्लाइस वगळा आणि वगळल्याचं लिहा.

दहावी पायरी: मोजणी

एका पिल्लाच्या आठ स्लाइस म्हणजे आठ प्रयोग नव्हेत. एकाच आईची पिल्लंही एकमेकांसारखीच असतात. मोजायचं एकक म्हणून लिटर धरा, म्हणजे एका वेतातली सगळी पिल्लं मिळून एक. किंवा लिटर आणि पिल्लू दोन्ही सामावणारं मिश्र मॉडेल वापरा. संख्याशास्त्रज्ञाकडे डेटा गोळा करण्याआधी जा. प्रत्येक लिटरमधून औषध आणि कंट्रोल दोन्हींना पिल्लं द्या. बाटल्यांवर सहकाऱ्याकडून अ, ब, क लिहून घ्या आणि ट्रेस मोजून होईपर्यंत किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. ‘ॲराइव्ह’ ही मार्गदर्शक सूची जवळ ठेवा; नियतकालिकं शेवटी तीच मागतात.

स्लाइसवर चाललं, पुढे काय?

ब्युमेटॅनाइडची हकीकत इथे सांगायलाच हवी. हे लघवी वाढवणारं जुनं औषध, एनकेसीसी१ अडवतं. २००५ साली कोवळ्या मेंदूवर दाखवलं गेलं की ते झटके दाबतं, आणि २००८ साली हेही की गाबाच्या औषधाला जिथे अडतं तिथेच ते मदत करतं. तर्क इतका देखणा होता की लोक थेट बाळांपर्यंत पोचले. युरोपातल्या ‘निमो’ चाचणीत गुदमरलेल्या १४ बाळांना फिनोबार्बिटोनसोबत ते दिलं. २०१५ साली निकाल आला: झटक्यांवर ठरवलेला गुण दिसला नाही आणि जगलेल्या ११ पैकी ३ बाळांच्या ऐकण्यात बिघाड आढळला. चाचणी आधीच थांबवावी लागली होती. २०२१ साली अमेरिकेतल्या दुसऱ्या छोट्या चाचणीत, कंट्रोल गट ठेवून आणि झटक्यांचं ओझं जमेस धरून पाहिलं, तर ब्युमेटॅनाइडने झटके आणखी कमी झालेले दिसले. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही.

स्लाइस चुकली होती का? माझ्या मते नाही. स्लाइसला जे विचारलं नव्हतं ते तिने सांगितलं नाही. ब्युमेटॅनाइड रक्तात प्रथिनांना जवळजवळ पूर्ण चिकटतं आणि मेंदूत फार थोडं शिरतं. कक्षात मात्र १० मायक्रोमोलर थेट पेशींवर ओतलं जातं. कानाच्या आतल्या द्रवासाठीही एनकेसीसी१ लागतो, आणि कान स्लाइसमध्ये नसतो.

म्हणून तुमच्या औषधाने स्लाइसवर काम केलं तर अहवालात त्याच पानावर तीन गोष्टी लिहा: बाळाला देता येईल अशा डोसला मेंदूत किती पोचेल याचा अंदाज, तोच वाहक किंवा ग्राहक शरीरात आणखी कुठे आहे, आणि झटके सुरू झाल्यावर किती मिनिटांनी औषध दिलं होतं. पुढची चाचणी जिवंत पिल्लात ईईजी लावून करायची असते, सोबत फिनोबार्बिटोनचा गट ठेवून. तिचा अर्ज आजच भरायला घ्या, कारण समितीची बैठक तुमच्या स्लाइसच्या वेळापत्रकाने भरत नाही.